निगेटिव्ह हरवल्यानंतर

छायाचित्राचा प्राण निगेटिव्हमध्ये असतो, असे जुने छायाचित्रकार मानीत. कागदावरची प्रत फाटली, कसरीने खाल्ली, तरी निगेटिव्ह जपलेली असेल तर दुसरी प्रत काढता येई. निगेटिव्हच गेली की डार्करूमचा कारागीर हतबल होई. अशाच एका हरवलेल्या ठेव्यापायी छायाचित्रे छापण्याची नवी रीत १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियात रुजली.

ग्रॅहम नॅश हे मूळचे इंग्रज गायक. परंतु कॅमेऱ्याचा छंद त्यांना वडिलांनी बालपणीच लावला होता. आपल्या सहकलावंतांची त्यांनी वर्षानुवर्षे छायाचित्रे टिपली. त्यांतील कित्येक निगेटिव्ह पुढे गहाळ झाल्या. मागे उरली ती कॉन्टॅक्ट शीट्स, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून उमटविलेल्या, काडेपेटीहूनही लहान प्रतिमा. प्रदर्शनासाठी तर मोठ्या प्रती हव्या होत्या. त्या इवल्या प्रतिमांचा पुन्हा फोटो घेऊन डार्करूममध्ये मोठ्या प्रती काढता आल्या असत्या. पण अशा नकलेत छटांचे बारकावे हरवतात.

येथे संगणक कामी आला. चित्र टिपून त्याचे अंकांत रूपांतर करण्याची विद्या तशी जुनी. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो उण्यापुऱ्या १७६ गुणिले १७६ ठिपक्यांत संगणकात उतरविला होता. डिस्नेमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड कून्स यांनी नॅश यांच्या कॉन्टॅक्ट शीट्स स्कॅन केल्या आणि त्या आयरिस नावाच्या यंत्रावर छापल्या. फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कागदावर हे यंत्र चार रंगांच्या शाईचे अतिसूक्ष्म तुषार उडवी. ३०४७ क्रमांकाचे असे यंत्र नॅश यांनी १,२६,००० डॉलर मोजून घेतले आणि जाड कागद आत जावा म्हणून त्याला चक्क करवत लावली! १९९१ साली मॅक होल्बर्ट यांच्यासह त्यांनी 'नॅश एडिशन्स' हा छापखाना काढला.

डार्करूमच्या जाणकारांना हे रुचणे कठीणच होते. तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात, एन्लार्जरखाली हाताची सावली धरून चेहरा थोडा उजळ ठेवायचा, आभाळावर अधिक प्रकाश सोडून ते गडद करायचे. मग डेव्हलपरच्या तबकात कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू उमटताना पाहायचा. त्यातील प्रत्येक प्रत थोडी निराळी निघे. संगणकावर हीच सावली एकदा मनासारखी साधली की शंभर प्रती हुबेहूब निघतात. ही सोय मोठी, यात वाद नाही. पण हाताचा तो क्षणाक्षणाचा निर्णय तीत उरत नाही, असे मला वाटते.

खरी मेख मात्र टिकाऊपणात होती. आयरिस यंत्र मुळात छपाईपूर्वीचे नमुने दाखविण्यासाठी बनलेले. नमुना काही दिवस टिकला की पुरे. त्यामुळे त्याच्या शाईच्या दीर्घायुष्याचा विचारच झाला नव्हता. उजेडात टांगलेली आरंभीची चित्रे थोड्याच वर्षांत फिकी पडू लागली. डार्करूमच्या कागदावरील चांदी, हायपो नीट धुऊन काढला असेल तर, शंभर वर्षेही तग धरते. (आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोवर पिवळट डाग दिसले, तर धुण्यातली घाई हे त्याचे एक कारण असू शकते.) पुढे हेन्री विल्हेल्म यांच्यासारख्या संशोधकांनी शाई आणि कागद यांच्या कसून चाचण्या घेतल्या. २००० च्या सुमारास पाण्यात विरघळणाऱ्या रंगांऐवजी रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असलेल्या शाया छायाचित्रांच्या घरगुती यंत्रांतही आल्या, तेव्हा कोठे ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली.

२००५ साली कोडॅकने कृष्णधवल छायाचित्रांचा कागद बनविणे थांबवीत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी नॅश यांचे ते करवत लावलेले यंत्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात जमा झाले. इंग्लंडमध्ये इलफर्डचा चांदीचा कागद मात्र अजूनही तयार होतो.