४ तास १७ मिनिटे: एस-थ्री बंद पडल्याचा घटनाक्रम

२८ फेब्रुवारी २०१७, मंगळवार. स्थळ अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया, अॅमेझॉनच्या क्लाउडचा सर्वांत जुना विभाग. वेळा पॅसिफिक आहेत. भारतातले घड्याळ साडेतेरा तास पुढे.

सकाळ. एस-थ्री या फायली साठवणाऱ्या सेवेची बिलिंग यंत्रणा नेहमीपेक्षा रेंगाळत होती. तिचे दुखणे शोधायला टीम बसली.

९:३७. (आपल्याकडे रात्रीचे ११:०७.) बिलिंगसाठी लागणारे थोडे सर्व्हर काढून घ्यायचे होते. तसा अधिकार असलेल्या कर्मचाऱ्याने, ठरलेल्या पद्धतीनेच, कमांड चालवली. कमांड बरोबर होती, पण तिला द्यायच्या माहितीपैकी एक गोष्ट चुकली. ठरवले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले.

इथे जरा थांबू. आर्ग्युमेंटच्या, म्हणजे कमांडला दिलेल्या माहितीच्या, चुका दोन जातीच्या. स्पेलिंग चुकले तर प्रोग्रॅम कुरकुरतो आणि थांबतो. पण व्याकरण बिनचूक आणि अर्थ भलताच असेल, तर तो मुकाट्याने हुकूम पाळतो. लिनक्सवर शेल, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचणारा प्रोग्रॅम, आर्ग्युमेंट सुटी करून देतो. विंडोजवर एक सलग ओळ हाती पडते आणि ती तोडायची जबाबदारी प्रोग्रॅमचीच. दोन्हीकडे चालेल असे काही लिहिणाऱ्याचा जीव या तोडण्यात, मोकळ्या जागांत आणि अवतरणचिन्हांत अडकतो. आलेली किंमत शहाणपणाची आहे का, हे विचारणारी ओळ मग ‘नंतर बघू’च्या खात्यात जाते. अॅमेझॉनच्या टूलमध्येही नेमकी तीच अडवणूक नव्हती. म्हणून त्या कर्मचाऱ्याच्या बोटांना दोष देणे मला पटत नाही.

निघालेल्या सर्व्हरवर दोन उपयंत्रणा उभ्या होत्या. एक इंडेक्स, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही. दुसरी नव्या फायलींना जागा नेमून देणारी. दोन्ही पूर्ण बंद करून पुन्हा सुरू कराव्या लागल्या. मोठ्या विभागांत असे कित्येक वर्षे केलेच नव्हते. मधल्या काळात एस-थ्रीचा पसारा अफाट वाढला होता, त्यामुळे नोंदी धड आहेत ना हे तपासण्यातच अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. तोवर ट्रेलो, क्वोरा अशा साइट अडखळत होत्या.

११:३७. पहिले दोन तास अॅमेझॉनच्या स्थितिफलकावर सेवांची खरी अवस्था दाखवताच आली नव्हती, कारण तो फलक अद्ययावत करणारे कन्सोल एस-थ्रीवरच अवलंबून होते! तोवर ट्विटरवरून खबर द्यावी लागली. आता फलक हलला.

१२:२६. इंडेक्स अर्धवट उठला. फायली वाचता आणि पुसता येऊ लागल्या.

१:१८. इंडेक्स पूर्ववत. जागा नेमणारी यंत्रणा त्याच्याच भरवशावर चालते, त्यामुळे नवी फाइल ठेवणे अजून रखडलेलेच.

१:५४. एस-थ्री पूर्ण सुरू. भारतात पहाटेचे ३:२४.

पुढे अॅमेझॉनने ते टूल बदलले. आता ते सर्व्हर सावकाश काढते, आणि एखादी उपयंत्रणा किमान क्षमतेच्या खाली जाणार असेल तर कमांड नाकारते. तुमच्या हाताखाली अशी काढून टाकणारी एखादी स्क्रिप्ट असेल, तर चाचणीच्या सर्व्हरवर तिला एकदा मुद्दाम अवाच्या सवा आकडा देऊन बघा.