प्रदर्शनाला निघण्याआधी

१९९३ साली मी नुकताच बी. ए. झालो होतो. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आमच्या चाचांचे हिमरूचे दोन माग होते. हिमरू म्हणजे सुती ताणा आणि रेशमी बाणा. किनखाब ज्यांना परवडत नसे, त्यांच्या अंगावर शोभणारं कापड. एक दिवस एका कार्यालयाचं पत्र आलं, दिल्लीच्या प्रदर्शनाला माल घेऊन या. चाचा म्हणाले, "बेटा, घरात तूच शिकलेला. काय काय न्यायचं, त्याची यादी कर."

मी मोठ्या ऐटीत यादी केली. बारा शाली, जुन्या मलमलीचे तुकडे, डांबरगोळ्या, पत्र्याची ट्रंक, छोटा माग, दोघांची तिकिटं. यादीत दोन गोष्टी राहून गेल्या, नाव आणि किंमत. ते कार्यालय पाहील, असं आम्ही गृहीत धरलं.

कार्यालयानं पाहिलंही. शालींवर 'हिमरू, हातमाग' एवढीच छापील चिठ्ठी लागली. विक्री दुसऱ्याच टेबलावर, आणि चाचांना माग मांडून दिवसभर विणत बसायला सांगितलं. लोक थांबायचे, फोटो काढायचे, पुढे जायचे. बारांपैकी नऊ शाली परत आल्या. मनमाडला गाडी बदलताना चाचा म्हणाले, "शाली विकायला गेलो होतो. लोक मलाच बघून गेले."

श्रोतेहो, हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. प्रदर्शनांचा इतिहास मी वाचू लागलो तो त्यामुळेच. वाचताना कळलं की चाचांच्या आधीही अनेकांच्या वाट्याला हेच आलं होतं.

१ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या प्रासादात मोठं प्रदर्शन उघडलं. साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर लोकांनी ते पाहिलं. हिंदुस्थानचा विभाग ईस्ट इंडिया कंपनीनं मांडला होता. कोणत्या जिनसा हव्यात, याच्या याद्या कंपनीनं इकडच्या अधिकाऱ्यांकडे धाडल्या आणि माल गोळा करून घेतला. मलमल, शाली, बिदरी काम, सारं गेलं. निवड, बांधणी, मांडणी, सगळी तयारी कंपनीची. विणणाऱ्याचं, ठोकणाऱ्याचं नाव मात्र सहसा कुठे नाही. शिवाय त्या प्रदर्शनात कोणत्याही देशाच्या वस्तूवर किंमत लावायला मनाई होती. युरोपातल्या कारखानदाराचं त्यानं फारसं बिघडलं नाही. त्याचं नाव आणि पत्ता तिथंच होता, गिऱ्हाईक नंतर त्याच्याकडे जाऊ शकत होतं. आमच्या विणकराकडे जायचं कुणी आणि कसं? प्रदर्शन संपल्यावर सरकारी पैशातून तिथल्या काही वस्तू विकत घेतल्या गेल्या. त्यांत हिंदुस्थानी वस्तू पुष्कळ होत्या. लंडनच्या आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या सुरुवातीच्या संग्रहात त्या आहेत.

१८८६ साली लंडनलाच वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं प्रदर्शन भरलं. या वेळी मालाबरोबर माणसंही गेली. आग्ऱ्याच्या तुरुंगात कैद्यांना गालिचे विणायला शिकवत. तिथले चौतीस जण लंडनला नेले गेले. तुरुंगाचे अधीक्षक जॉन टायलर यांनी ही व्यवस्था केली. गालिचे आणि विणकर निवडायला त्यांना मदत केली ती तुरुंगातल्या एका कारकुनानं, अब्दुल करीमनं. पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या चाकरीत जाऊन जो 'मुन्शी' म्हणून गाजला, तोच हा. प्रदर्शनात हे कारागीर लोकांसमोर बसून काम करत. त्यांच्यात बक्षीराम नावाचा कुंभार होता. त्याचं वय एकशे दोन असल्याचं सांगत. राणीनं रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढवून घेतलं. म्हणजे आता कारागिराला नाव मिळालं, चेहरा मिळाला, पण तो स्वतःच मांडलेली वस्तू झाला. चाचांचं मनमाडचं वाक्य मला इथे पुन्हा ऐकू आलं.

तिसरं प्रदर्शन दिल्लीचं. १९०२ च्या डिसेंबरअखेर, दरबाराच्या निमित्तानं, लॉर्ड कर्झननं ते उघडलं. त्याची तयारी मला महत्त्वाची वाटते. सर जॉर्ज वॉट आणि त्यांचे मदतनीस पर्सी ब्राऊन आधी देशभर हिंडले, नमुने निवडले आणि कारागिरांना पैशाची उचल दिली. छोट्या धंद्याची खरी अडचण इथेच असते. प्रदर्शनासाठी माल करायचा, तर रेशीम आज घ्यावं लागतं आणि पैसे महिन्यांनी येतात, आलेच तर. दिल्लीत माल विक्रीला होता, पदकं होती आणि बक्षिसं मिळवणाऱ्यांची नावं छापली गेली. अर्थात खरं हिंदुस्थानी काम कोणतं आणि विलायती वळणाचं कोणतं, हे ठरवायचा अधिकार साहेबांनी स्वतःकडेच ठेवला होता.

त्याच सुमाराला आपली माणसंही या कामात उतरली. १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनापासून काँग्रेसबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरू लागलं. १९०४ साली ते मुंबईत भरलं. इथे माल मांडणारा देशी आणि गिऱ्हाईकही देशी. एकदा बघून गेलेला माणूस पुन्हा दुकानी येऊ शकत होता.

१९९५ साली आम्ही मुंबईच्या एका लहान प्रदर्शनात स्वतःचं टेबल घेतलं. या वेळी यादी वेगळी होती. शाली दहाच, पण रंगांचे हातभर नमुने वीस. पावतीपुस्तक, ऑर्डरची वही, सुटे पैसे. माग नेला नाही. चाचांनी खुर्चीवर बसायचं आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं, असं ठरलं. प्रत्येक शालीला मी हातानं लिहिलेली चिठ्ठी लावली. तिच्यावर विणणाऱ्याचं नाव, लागलेले दिवस, किंमत आणि आमच्या गल्लीचा पत्ता. किंमत लिहिताना चाचा अडले. "इतकी कशी सांगायची?" मी दिवस मोजून दाखवले, तेव्हा गप्प झाले.

सात शाली गेल्या, चार ऑर्डरी आल्या. फार नव्हे. पण दोन वर्षांनी एक बाई आमच्या गल्लीत चाचांचं नाव विचारत आल्या. त्यांच्या हातात ती चिठ्ठी होती.

चाचा आता नाहीत. दोनपैकी एकच माग चालू आहे, तो त्यांचा नातू चालवतो. आज बचत गटांच्या प्रदर्शनात गेलो की पापड, घोंगड्या, गोधड्या बघण्याआधी माझी नजर चिठ्ठी शोधते. नसेल, तर मी खिशातून पेन काढतो आणि टेबलामागच्या ताईंना विचारतो, "हे कुणी केलंय? नाव सांगा, मी लिहून देतो."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)