टकळी आणि सुया

सातारा-सांगलीच्या पूर्व भागात, म्हणजे माण, आटपाडी, जतकडे, मेंढ्या पूर्वापार आहेत आणि माघातली पहाट बोचरीही असते. त्यामुळे तिथे कुणाच्या गळ्यात हाताने विणलेला दाणेदार मफलर दिसला, तर ही धनगरांचीच जुनी कला असणार असे वाटणे साहजिक आहे. पण तसे नाही. इथल्या लोकरीची खरी परंपरा मागाची आहे आणि सुयांवरची वीण बाहेरून, तीही परक्या लोकरीसकट आली. 1908च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये साताऱ्याच्या उद्योगांची जी माहिती आहे, तीत धनगर आणि सनगर कांबळी विणतात व त्यांना मोठा खप आहे असे नोंदले आहे. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुकेही होते. ते 1949 साली दक्षिण साताऱ्यात गेले आणि 1960 साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. सुयांवरच्या विणीचा मात्र त्या माहितीत उल्लेख नाही. साहेबाच्या नजरेतून बायकांचे घरकाम सुटले असेल, असे कुणी म्हणेल. पण बायका घरी सूत कातत, हे त्याच मजकुरात आवर्जून सांगितले आहे.

मग लोकर असून वीण का रुजली नाही? पहिले उत्तर तंतूतच आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि केसाळ. मेरिनोच्या तुलनेत तिचा तंतू दुपटीहून जाड भरतो. ती मानेला टोचते. पण चिंचोक्याची खळ चढवून तेच सूत मागावर ताणले की जी घोंगडी उतरते, ती पावसाची रिपरिप बराच वेळ अंगावर घेते. यावर रास्त आक्षेप असा की आइसलँडची लोकरही काही मऊ नव्हे, तरी तिथले लोक तिचे स्वेटर विणून घालतातच. खरे आहे. फक्त तिथल्या माणसाला अंगाला घट्ट बसणारा कपडा हवा होता. इथल्या मेंढपाळाला एकच वस्त्र पावसात डोक्यावर खोळ म्हणून, रात्री अंथरूण-पांघरूण म्हणून आणि पाहुणा आला की बैठक म्हणून लागे. मफलर यातले एकही काम करत नाही.

दुसरे कारण मला अधिक वजनाचे वाटते. फ्रान्समधल्या लांद प्रांतातले मेंढपाळ उंच काठ्यांवर उभे राहून कळप राखत आणि हातांनी विणत. म्हणजे राखणीत हात मोकळे राहतात हे खरेच. पण दख्खनच्या धनगराच्या त्या मोकळ्या हातात टकळी होती. खड्ड्यातला माग भराभर सूत खातो आणि हाताची कताई त्याच्या मागे पडते. फावला वेळ सुतातच जाई. तेच सूत सुयांवर घालायचे म्हणजे घोंगडी लांबवायची आणि तिचे पैसेही.

कताई ज्या घरात करावी लागत नव्हती, तिथेच सुया रमल्या. कानपूरची लाल इमली गिरणी 1876 साली निघाली, पंजाबातली धारीवालची गिरणी त्यानंतर थोड्याच वर्षांत. तयार, रंगीत, मऊ लोकर विकत मिळू लागली, की विषम टाके घालून प्रत्येक ओळ सुलट-उलट-सुलट अशी विणत जाणे, एवढेच उरते. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा दाणेदार पट्टा नवशिकीच्या हातूनही उतरतो. हे काम मुख्यतः शिकलेल्या, थोडी उसंत असलेल्या बायकांचे झाले. 1962च्या चीन युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी लोकरी कपडे विणले, तेव्हा ही कला चांगलीच पसरलेली होती.

दोन्ही कामे एकाच जिल्ह्यात चालली, पण त्यांची गाठ पडली नाही. आता तर मेंढी मुख्यतः मटणासाठी पाळली जाते. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, वजनदार आणि भावाला चढी. तिच्या अंगावर लोकर मात्र नावालाच असते.