बोनसचा हिशेब आणि एम. कॉम.ची पदवी

गिरणगावात दिवाळी दोन हिशेबांनी येत असे. लक्ष्मीपूजनाला पेढ्यांवर नव्या चोपड्यांची पूजा होई, तो एक. त्याआधी काही दिवस गिरणीच्या फाटकावर बोनसची नोटीस लागे आणि इतक्या टक्क्यांचे रुपये किती, ते चाळीच्या जिन्यावर बोटांवर मोजले जाई, तो दुसरा. चोपडीपूजनाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बोनसच्या टक्क्यामागे कोणता हिशेब असे, तो कोण मांडे आणि त्याला प्रश्न विचारण्याची ताकद कोणापाशी होती, हा विषय मात्र संपांच्या तारखांमागे झाकला गेला.

मी घोडपदेवचा. भायखळा, रे रोड आणि कॉटन ग्रीन यांच्या मधली ही वस्ती. एका अंगाला बंदर आणि कापसाची गोदामे, दुसऱ्या अंगाला गिरण्या. इथल्या घरांतून कॉमर्सला जाणाऱ्या मुलामुलींची रांग लागली आणि त्यांतली काही विद्यापीठाच्या एम. कॉम.पर्यंत पोहोचली. हिशेबाचे हे उच्च शिक्षण मुंबईत कशासाठी आले, गिरणगावात केव्हा पोहोचले आणि ज्या हिशेबावर गिरणगाव जगत होते त्याच्या उपयोगी ते पडले का, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कीर्द-खतावणी ते १९१३

हिशेब मराठी माणसाला नवा नव्हता. मराठेशाहीत मुजुमदार आणि फडणीस ही पदेच हिशेबाची. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, जमा, नावे हे शब्द इंग्रजी शाळा येण्याआधीपासून भाषेत आहेत. युरोपात लुका पाचोली याने द्विनोंदी पद्धत १४९४ साली छापील ग्रंथात मांडली आणि ती कोणालाही पुस्तकातून शिकता येऊ लागली. आपल्याकडे ही विद्या गादीवर बसून शिकायची होती. ज्याच्या घरची पेढी, त्याच्या मुलाला ती मिळे.

गिरण्यांनी हे चित्र बदलले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून भांडवल अनेक भागधारकांचे आणि कारभार मॅनेजिंग एजंटाचा अशी रचना रुळली. सुरुवातीच्या अनेक गिरण्यांत एजंटाचे कमिशन उत्पादनावर असे, सुताच्या पौंडामागे पाव आणा. गिरणी नफ्यात असो वा तोट्यात, सूत निघाले की कमिशन ठरलेले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये टाटांनी ते नफ्याशी जोडले, याचे त्या काळी अप्रूप होते. पैसा एकाचा आणि चोपडी दुसऱ्याच्या हातात, अशा व्यवस्थेत हिशेब तपासणारा तिसरा माणूस लागतोच.

तो माणूस घडवण्याची सोय १९१३ मध्ये झाली. त्या वर्षी नवा कंपनी कायदा मंजूर झाला आणि कंपन्यांच्या हिशेबतपासनिसाची पात्रता कायद्याने ठरू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव त्याला मिळाले आणि आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय अशी त्याची ख्याती झाली. त्याच्या उभारणीत हिशेबतज्ज्ञ के. एस. अय्यर यांचा वाटा मोठा होता. १९१८ मध्ये मुंबईत ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ सुरू झाला. तो मिळवून मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली ३ वर्षे उमेदवारी केली की देशभर हिशेबतपासणीचा व्यवसाय करता येई. १९४३ मध्ये हा डिप्लोमा बंद झाला आणि १९४९ च्या कायद्याने चार्टर्ड अकाउंटंटची संस्था उभी राहिली.

त्याच १९१८ मध्ये सिडनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकवायला एक तरुण प्राध्यापक आले. ते राहत परळच्या बी. आय. टी. चाळीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी सादर केलेला एक प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवहारावर होता. कंपनीचे कर्ज हिंदुस्थानच्या डोक्यावर कसे आले, याची मांडणी त्यात आकड्यांनिशी आहे. सत्तेचा हिशेब बाहेरच्या माणसाने तपासायचा तर कसा, याचा तो धडाच आहे. कामगारवस्तीत राहणारा आणि हिशेब असा वाचणारा माणूस त्या काळी विरळा होता.

एका बाजूची चोपडी

कामगाराच्या वाट्याला आलेला हिशेब वेगळा होता. हजेरीचा मस्टर, दंड आणि वटाव. खराब निघालेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची, या पद्धतीला वटाव म्हणत. दंड आणि कपातीवर कायद्याचा लगाम आला तो १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. आवक-जावक लिहिणाऱ्या माणसाला कपातीचा अर्थ लवकर कळला असणार.

खरी कसोटी बोनसच्या प्रश्नावर लागली. पहिल्या महायुद्धातल्या महागाईत, १९१७ मध्ये, मालकांनी १० टक्के ‘वॉर बोनस’ दिला. पुढे काही वर्षे नफ्यातून वार्षिक बोनस मिळाला. १९२३ चा बोनस नाकारला गेला आणि १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरन्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऔड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही आणि १९२३ च्या नफ्यात बोनस बसत नाही, असा तिचा निर्वाह होता. दुसरा मुद्दा पूर्णपणे गिरण्यांच्या हिशेबावर उभा होता. संपकऱ्यांपाशी एकजूट होती, पण त्या आकड्यांना आकड्यांनी उत्तर देणारे कोणी नव्हते.

१९५० मध्ये हा हिशेब सूत्रात बसला. गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातल्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने ठरवले, की ढोबळ नफ्यातून आधी घसारा, यंत्रांच्या पुनर्स्थापनेची तरतूद, प्राप्तिकर, भरणा भांडवलावर ६ टक्के आणि खेळत्या भांडवलावर त्याहून कमी दराने परतावा वजा करायचा. जे उरेल ते ‘उपलब्ध आधिक्य’, आणि त्यात कामगारांचा वाटा.

हे कल्पित आकड्यांनी पाहू. समजा ढोबळ नफा १०० रुपये. घसारा २५, पुनर्स्थापना ३०, कर २५, भरणा भांडवलाचा परतावा ९, खेळत्या भांडवलाचा २. एकूण वजावट ९१, उरले ९. आता पुनर्स्थापनेचा आकडा ३० ऐवजी २० धरा. बाकी काही न बदलता उरतात १९, म्हणजे दुपटीहून जास्त. बोनसची सगळी लढाई अशी एका ओळीवर येऊन ठेपते. युद्धाआधी घेतलेले यंत्र आज घ्यायचे तर किती पट किंमत पडेल, ते आणखी किती वर्षे चालेल, मोडीत किती येईल, हे ज्याला विचारता येते तोच त्या ओळीला हात घालू शकतो. सर्वोच्च न्यायालयानेही १९५९ मध्ये असोसिएटेड सिमेंटच्या खटल्यात सूत्र कायम ठेवताना, पुनर्स्थापनेची मागणी मालकाने पुराव्याने सिद्ध करावी आणि कामगारांना उलटतपासणीची संधी मिळावी, असे बजावले. दार उघडे होते, आत जायला माणूस हवा होता. तरतुदी वजा होत राहिल्या आणि मुंबईच्या कित्येक गिरण्यांत जुनीच यंत्रे फिरत राहिली.

१९६५ च्या बोनस कायद्याने पुनर्स्थापनेची वजावट काढून टाकली आणि सर्वसाधारणपणे आधिक्याचे ६० टक्के बोनससाठी ठरवले. किमान बोनस ४ टक्के होता, तो पुढे ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. कमाल मर्यादा २० टक्के. या कायद्यातले २३ वे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. पात्र तपासनिसाने तपासलेला कंपनीचा ताळेबंद न्यायाधिकरणाने बरोबर धरून चालावे, असे ते म्हणत असे. त्याच कलमात पुढे, ताळेबंदातल्या कोणत्याही बाबीचा खुलासा मागण्यासाठी कामगार संघटनेला अर्ज करता येई. एका हाताने शंका घेण्याची जागा आक्रसली आणि दुसऱ्या हाताने प्रश्न विचारण्याची वाट ठेवली. पण कोणत्या बाबीचा खुलासा मागायचा, हे ताळेबंद वाचता आल्याशिवाय कसे ठरणार?

पदवी चाळीत येते

वाणिज्य शिक्षण गिरणगावाकडे टप्प्याटप्प्याने सरकले. माटुंग्याला १९४१ मध्ये पोदार महाविद्यालय निघाले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. सकाळी वर्ग आणि मग नोकरी, ही सोय गरीब विद्यार्थ्यांसाठी तिथे झाली. १९५३ मध्ये सिद्धार्थचे वाणिज्य महाविद्यालय आले. दादरचे कीर्ती, परळचे महर्षी दयानंद, माझगावचे बुऱ्हाणी अशी चालत किंवा एका बसने जाण्याजोगी महाविद्यालये झाली. १९७१ मध्ये मुंबई विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केले आणि पाठ पोस्टाने घरी येऊ लागले. दहा बाय बाराच्या खोलीत, माळ्यावर दिवा लावून, पाळीवरून आलेल्या माणसाची झोप न मोडता अभ्यास करणाऱ्यांना याचे मोल ठाऊक आहे.

अडचण भाषेची होती. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा जमा, नावे, घसारा जाणत असे. पदवीच्या वर्गात तेच सारे इंग्रजीत समोर येई. एम. कॉम.ला तर वित्तीय लेखांकन, परिव्यय, लेखापरीक्षण, करआकारणी यांचे जाडजूड ग्रंथ. पुष्कळ जण शब्द पाठ करून पार पडले. चाळीत सांगताना त्यांना मराठी शब्द सुचेनात आणि ऐकणाऱ्याला इंग्रजी कळेना. शिकलेला मुलगा आणि गिरणीतला बाप यांच्यातला हा तुटलेला दुवा मला सर्वांत मोठे नुकसान वाटते.

माझे वडील गिरणीत साचे चालवत. थोरल्या बहिणीने नोकरी सांभाळून बाहेरून एम. कॉम. केले. तिच्या अभ्यासात उपलब्ध आधिक्य काढण्याची गणिते होती. वडिलांच्या वीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द त्यांच्या कानावर आला नव्हता. त्यांना टक्का माहीत होता, टक्क्याची पायरी माहीत नव्हती. तिला पायरी माहीत होती, पण ती दिवसभर तपासत असे दुसऱ्याच कोणाच्या कंपनीची व्हाउचरे. अशी घरे आमच्या भागात एक-दोन नव्हती.

तोवर वेळ निघून गेली होती. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून उसळलेली नाराजी पुढच्या मोठ्या लढ्याची सुरुवात ठरली आणि १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाची कहाणी इथे पुन्हा सांगत नाही. एवढेच नोंदवतो, की त्यानंतर गिरणगावातल्या घरांना कॉमर्सची पदवी हा मुलांना गिरणीपासून दूर नेणारा रस्ता वाटू लागला. गिरणी समजून घेण्याचे ते साधनही आहे, हे सांगायला कोणी उरले नव्हते.

जमिनीची ओळ

आणि नेमक्या त्याच काळात गिरण्यांच्या ताळेबंदातली सर्वांत महत्त्वाची ओळ बदलत होती. स्थावर मालमत्ता सहसा मूळ खरेदीच्या किमतीने दाखवली जाते. शंभर वर्षांपूर्वी घेतलेली जमीन ताळेबंदात नगण्य आकड्याने पडून राहते आणि त्याच पानावर तोटा ठळक दिसतो. गिरणी आजारी आहे हे कागदावर खरे असते. ती कशावर उभी आहे, ते कागदावर दिसत नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे कल्पिले होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाकडे. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरते राहिले. अपूर्णांक तोच, ज्याचा अपूर्णांक काढायचा ती रक्कम लहान झाली. हिशेब शिकलेल्या माणसाच्या हे पहिल्या वाचनात ध्यानात यावे. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये दुरुस्ती टिकली. आमच्या घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाचे जे मनोरे उभे आहेत, ते त्या वाट्यातून गिरणी कामगारांसाठी आलेले.

एम. कॉम.ला आता प्रकल्प करावा लागतो. विद्यार्थी बहुधा बँकांची कर्जे, जीएसटी, म्युच्युअल फंड असे विषय घेतात. त्यात गैर काही नाही. पण मुंबईच्या गिरण्यांचे वार्षिक अहवाल, गिरणीमालक संघाचे अहवाल, बोनसच्या खटल्यांचे निकाल हे साहित्य ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत वाचणाऱ्याची वाट पाहत आहे. लालबाग-परळ-घोडपदेवच्या एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने एकच गिरणी निवडावी. १९५० ते १९८० ची तिची घसारा आणि राखीव निधीची ओळ वर्षावर्षाने उतरवून काढावी, त्यासमोर नव्या यंत्रांवरचा खर्च मांडावा आणि निष्कर्ष मराठीत लिहावा. तो मालकाच्या बाजूचा निघाला तरी चालेल. जे कामगार अजून हयात आहेत, त्यांना आपल्या बोनसचा टक्का कुठून आला, हे निदान एकदा त्यांच्या भाषेत वाचायला मिळेल.