ठाणे जिल्हा : दैनंदिन प्रवास

ठाणे जिल्ह्यातील रहिवाशांची नोकरी, व्यवसाय व शिक्षणासाठी होणारी रोजची ये-जा. 2014 साली पालघर वेगळा झाल्यानंतर उरलेल्या जिल्ह्यातही दाट वस्तीची शहरे आणि शहापूर, मुरबाड यांसारखे ग्रामीण तालुके असल्याने या प्रवासाचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत 34 किमी. धावलेल्या पहिल्या प्रवासी गाडीने जी दिशा आखून दिली, तीच आजही या प्रवासाचा कणा आहे. कल्याणला मध्य रेल्वेचा मार्ग दुभंगून एक फाटा कसाऱ्याकडे व दुसरा बदलापूरमार्गे कर्जतकडे जातो. परवडणाऱ्या घरांच्या शोधात वस्ती या फाट्यांवरून दूर सरकत गेली, परंतु नोकऱ्या मोठ्या प्रमाणात मुंबईतच राहिल्या, त्यामुळे सकाळी मुंबईकडे व संध्याकाळी उलट असा एकतर्फी लोंढा वाहतो. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 68 किमी. आहे. मोजक्याच स्थानकांवर थांबणाऱ्या जलद लोकलमध्ये डोंबिवलीला चढणेही कठीण असते, म्हणून तेथील कित्येक पासधारक आधी उलट दिशेने कल्याणला जाऊन, जागा धरून मग मुंबईकडे येतात. दारात लटकणे ही प्रवाशांची बेफिकिरी मानली जाते. वस्तुतः ती अपुऱ्या जागेची खूण आहे, आणि 9 जून 2025 रोजी दिवा व मुंब्रा या स्थानकांदरम्यान लोकलमधून पडून झालेल्या मृत्यूंनी या अपुरेपणाची किंमत उघड केली.

2004 मध्ये सुरू झालेल्या ठाणे–वाशी रेल्वेमार्गाने ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या औद्योगिक पट्ट्याकडे जाणारा, मुंबईला वगळणारा प्रवास सुलभ केला. भिवंडी मात्र उपनगरी लोकलच्या जाळ्याबाहेर राहिली. यंत्रमागांच्या या शहरात अनेक कामगार कारखान्याजवळच राहून पायी कामावर जातात, तर बाहेर जाणाऱ्यांना बस, रिक्षा व खाजगी वाहनांवर विसंबावे लागते.

2011 च्या जनगणनेने कामावर जाण्याचे अंतर व साधन नोंदवले. मात्र येथील नोकरदार घरापासून स्थानकापर्यंत शेअर रिक्षा, म्हणजे अनोळखी प्रवाशांनी भाडे वाटून घेतलेली रिक्षा, पुढे लोकल आणि शेवटी बस किंवा पायपीट अशी साखळी जोडत असल्याने एकाच साधनाच्या नोंदीतून त्याचा दिवस पुरता दिसत नाही. रेल्वे नसलेल्या मुरबाड तालुक्यात ही साखळी एसटीपासून सुरू होते आणि कल्याणला लोकलशी जुळते.