रामानुजन यांच्या कोष्टकातून सुटलेली संख्या : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संख्येच्या विभाजकांचा विचार प्राचीन काळापासून होत आला आहे. प्लेटोने 'लॉज' या ग्रंथात आदर्श नगरातील जमीनधारक नागरिकांची संख्या ५,०४० असावी असे सुचविले. कारण या संख्येचे अनेक प्रकारे समान भाग करता येतात. अशा संख्यांचा सखोल अभ्यास श्रीनिवास रामानुजन (१८८७-१९२०) यांनी केला. त्यांच्या कोष्टकातील शेवटची संख्या आणि त्यातून सुटलेली एक संख्या यांचा परस्परसंबंध पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषय विवेचन :
ज्या संख्येचे विभाजक तिच्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येच्या विभाजकांपेक्षा अधिक असतात, तिला अतिसंयुक्त संख्या म्हणता येईल. उदा. १२ चे विभाजक ६ आहेत. तिच्याहून लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. रामानुजन यांचा या विषयावरील प्रदीर्घ शोधनिबंध १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या संशोधनाबद्दल १९१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पदवी दिली. सोसायटीच्या आर्थिक अडचणीमुळे निबंधाचा काही भाग त्या वेळी छापला गेला नाही. तो १९९७ मध्ये प्रकाशात आला.

निबंधातील कोष्टकात १०२ संख्या असून शेवटची संख्या ६७,४६,३२,८३,८८,८०० ही आहे. तिच्या मूळ अवयवांत २ चा घातांक ६, ३ चा ४, ५ व ७ यांचा प्रत्येकी २, तर ११, १३, १७, १९ व २३ यांचा प्रत्येकी १ आहे. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केल्यास विभाजकांची संख्या १०,०८० येते.

कोष्टकात २,९३,३१,८६,२५,६०० ही अतिसंयुक्त संख्या मात्र आढळत नाही. विशेष म्हणजे तिला २३ ने गुणले असता कोष्टकातील शेवटचीच संख्या मिळते. सुटलेल्या संख्येचे विभाजक ५,०४० आहेत, म्हणजे प्लेटोने निवडलेल्या संख्येइतकेच.

मूळ अवयव वाढत जातात तसे घातांक वाढत नाहीत, तसेच ४ व ३६ वगळता शेवटचा घातांक १ असतो, हे रामानुजन यांनी सिद्ध केले. सुटलेली संख्या या दोन्ही अटी पूर्ण करते. परंतु या अटी आवश्यक असल्या तरी पुरेशा नाहीत. त्यामुळे अनेक संख्यांची परस्पर तुलना करावी लागते. संगणक नसताना या कामात एखादी संख्या नजरेतून निसटणे अशक्य नव्हते.

निष्कर्ष :
ही उणीव कोष्टकातील आहे, सिद्धान्तातील नव्हे. त्यामुळे रामानुजन यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. मात्र गणितात थोर नावही पडताळणीची जागा घेऊ शकत नाही. वर्गात रामानुजन यांचा केवळ गौरव करण्याऐवजी विद्यार्थ्यांकडून वरील दोन संख्यांचे अवयव पाडून घेतल्यास त्यांच्या विचारपद्धतीचा खरा परिचय घडेल.