अंतराळयानांचा रेडिओ-मागोवा

दूरच्या अंतराळयानाचे स्थान व वेग त्याच्या रेडिओ संदेशावरून ठरवण्याची पद्धत. संदेश जाऊन परतायला लागणाऱ्या वेळेवरून यानाचे अंतर कळते, तर वाहक तरंगाच्या कंप्रतेत डॉप्लर परिणामाने पडणाऱ्या फरकावरून ते किती वेगाने जवळ येते वा दूर जाते हे कळते.

मधली वाट रिकामी नसते. सूर्यापासून सेकंदाला सुमारे ३०० ते ८०० किमी वेगाने वाहणाऱ्या सौरवातातील मुक्त इलेक्ट्रॉन संदेशात विलंब घडवतात. त्यांची घनता सतत कमीजास्त होत असल्याने कंप्रताही थरथरते. हा विलंब कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ८.४ गिगाहर्ट्‌झच्या संदेशापेक्षा ४०१ मेगाहर्ट्‌झच्या संदेशाला तो सुमारे ४४० पट होतो. दोन कंप्रतांवर एकाच वेळी संदेश मिळाल्यास दोन्ही विलंबांच्या तुलनेतून सौरवाताचा वाटा वेगळा काढता येतो.

महाराष्ट्रात या कामाचा ठळक प्रसंग जुन्नर तालुक्यातील खोडद येथे घडला. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत (जीएमआरटी) ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे स्कियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा सुमारे ४०१ मेगाहर्ट्‌झचा संदेश या दुर्बिणीने टिपला. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी असलेला हा मोजक्या वॅटचा संदेश सुमारे साडेसतरा कोटी किमी अंतरावरून ओळखता आला, ही असामान्य कामगिरी होय. त्या वेळी आकाशात मंगळ सूर्यापासून बराच दूर असल्याने संदेशाच्या वाटेवर सौरवातही विरळ होता. उतरण्याच्या नियोजित वेळेच्या थोडे आधी संदेश थांबला. उंचीचा हिशेब चुकल्यामुळे हवाई छत्री वेळेआधीच सुटून यान कोसळल्याचे पुढे तपासात निष्पन्न झाले.

पृथ्वी आणि यान यांच्या मधोमध सूर्य आला की संदेश सूर्याच्या प्रभाकिरीटाच्या (बाह्य वातावरणाच्या) दाट भागातून येतो. अशा दिवसांत यानाला आज्ञा पाठवणे सहसा थांबवतात. मागोवा घेणाऱ्यांना जो अडथळा, तोच सूर्याच्या अभ्यासकांना उपयोगी पडतो. मे-जून २०१५ मध्ये इस्रोच्या मंगळयानाचे संदेश बंगळूरुजवळ ग्रहण करण्यात आले. त्यांतील थरथरीवरून सूर्याच्या केंद्रापासून ४ ते २० सौर त्रिज्यांपर्यंतच्या भागातील खळबळीचे स्वरूप अभ्यासता आले.